चार किलो हाडं आणि दोन खोल्या

“या ना एकदा घरी जेवायला” हे वाक्य मराठी माणूस आयुष्यात किती वेळा उच्चारतो आणि त्यातून प्रत्यक्षात किती पानं वाढली जातात, याचा अभ्यास अजून कुणी केलेला नाही. मल्हार निरगुडेनं तो ड्रेस्डेनमधल्या एका जिन्यात, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, उभ्याउभ्या केला. घडलेली सगळी जेवणं आठवून त्यानं त्यांना स्वतः दिलेल्या आमंत्रणांनी भागलं. उत्तर शून्याच्या इतकं जवळ आलं की त्याला धीर वाटला. वाटायला नको होता, कारण समोर उभ्या असलेल्या फ्राऊ लिएननी तोवर पिशवीतून डायरी बाहेर काढली होती.

“रविवार,” त्या म्हणाल्या. “बारा वाजता?”

“या... गेनाऊ,” मल्हार म्हणाला. जर्मनमध्ये काही सुचलं नाही की तो ‘हो, अगदी’ अशा अर्थाचे हे दोन शब्द वापरत असे. आजवर त्यांनी त्याला कधी दगा दिला नव्हता.

फ्राऊ लिएन, म्हणजे लिएनबाई, तिसऱ्या मजल्यावर राहत. चाळीस वर्षांपूर्वी त्या व्हिएतनामहून इथल्या शिवणकामाच्या कारखान्यात कामाला आल्या. पुढे बर्लिनची भिंत पडली, देश बदलला, कारखाना बंद झाला, आणि त्यांनी कोपऱ्यावर कपडे आल्टर करून देण्याचं दुकान टाकलं. अख्ख्या गल्लीची कंबर किती इंच वाढली हे त्यांना पाठ होतं. इमारतीत त्यांचा दरारा होता. मल्हार चौथ्या मजल्यावर, छपराखालच्या एकोणीस चौरस मीटरच्या खोलीत राहून पातळ धातूंच्या थरांवर पीएचडी करत होता.

ओळख झाली ती फेब्रुवारीत. मल्हार जिन्यात खोकला, आणि संध्याकाळी फ्राऊ लिएन डबा घेऊन दारात उभ्या. आत फो होता. फो म्हणजे बैलाची हाडं तासन् तास उकळून केलेला रस्सा, त्यात तांदळाच्या शेवया आणि मांसाचे पातळ काप. वास असा की तापातही माणूस उठून बसावा. अडचण एवढीच, की मल्हार गोमांस खात नव्हता. यामागे तत्त्वज्ञान म्हणावं असं काही नव्हतं. घरी खात नाहीत म्हणून तो खात नव्हता, जसं घरी कुणी पोहत नाही म्हणून त्याला पोहता येत नव्हतं. मटण त्याला चालायचं, कोंबडी धावायची. पण तापल्या अंगाच्या माणसासाठी कुणी जिना चढून डबा आणलाय आणि आपण म्हणायचं, “मी हे खात नाही”? मल्हारच्या घराण्यात असं वाक्य कुणी कधी उच्चारलं नव्हतं. तो म्हणाला, “वा!”

रस्सा शार्दूलनं प्यायला. शार्दूल म्हणजे मल्हारचा पुण्यातला वर्गमित्र. तो गावाबाहेरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि समोर आलेलं काहीही खायचा. आता डबा परत करायचा होता, आणि रिकामा डबा परत करत नाहीत. मल्हारनं त्यात आईनं पाठवलेल्या चकल्या घातल्या. दुर्दैवानं व्हिएतनाममध्येही रिकामा डबा परत करत नसावेत. डबा पुन्हा फो घेऊन वर आला. मग चिवडा खाली गेला. मग फो वर आला. भौतिकशास्त्रात याला स्थिर दोलन म्हणतात. नोव्हेंबरपर्यंत अकरा फेऱ्या झाल्या, आणि शार्दूलच्या दोन पँटी फ्राऊ लिएनच्याच दुकानात सैल करून घ्याव्या लागल्या.

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं, पण मध्ये घर आलं. मल्हारची बायको ईप्सिता नाशकात होती. लग्न होऊन दहा महिने झाले होते, आणि तिच्या व्हिसाच्या फाइलीत एकच कागद कमी होता: दोन माणसांना पुरेल एवढी जागा असल्याचा. एकोणीस चौरस मीटरकडे बघून व्हिसाच्या कचेरीतल्या खिडकीमागच्या बाई नुसत्या हसल्या होत्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागद दिला नाही तर फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाणार होती, आणि ती रांग सात महिन्यांची होती. ड्रेस्डेनमध्ये घर मिळवण्यासाठी मल्हारनं एकोणसाठ अर्ज केले होते. सत्तावन्नांचं उत्तर आलं नव्हतं. दोघांनी त्याला शुभेच्छा दिल्या होत्या.

आणि फ्राऊ लिएनचा मुलगा दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा सोडून लाइपत्सिगला चालला होता! घरमालकीण हांबुर्गला राहायची आणि या इमारतीतल्या बाबतीत फ्राऊ लिएनच्या शब्दाबाहेर नसायची. त्या मंगळवारी मल्हारनं जिन्यात त्यांना गाठलं आणि ईप्सिता, फाइल, खिडकीमागच्या बाई, सगळं सांगितलं. पाया भक्कम करावा म्हणून वर जोडलं, “तुमचा फो म्हणजे अप्रतिम. मला कृती द्या ना. आणि या ना एकदा घरी जेवायला.”

कृती मागणं ही आपल्याकडे स्तुतीची शेवटची पायरी असते. ती कुणी लिहून घेत नाही. फ्राऊ लिएनना हे कुणी सांगितलं नव्हतं.

“तुम्ही करणार? फो?” त्यांचे डोळे बारीक झाले. “इथं इतकी वर्षं सगळे मला म्हणतात, फार छान, फार छान. कृती आजवर कुणी मागितली नाही. रविवारी खाऊन बघते. सोमवारी मालकिणीला फोन करते.”

संध्याकाळी दाराबाहेर दोन पानी कृती आणि वीस लिटरचं पातेलं ठेवलेलं होतं.

“म्हणजे तू तिला जेवायला बोलावलंस,” ईप्सिता फोनवर म्हणाली, “तुला न येणारा पदार्थ करून, जो तू खात नाहीस, आणि तिला वाटतंय की तू अकरा वेळा खाल्लायस.”

“मी बोलावलं नाही गं. मी ‘या एकदा’ म्हटलं.”

“मग आत्ताच्या आत्ता खाली जा आणि खरं सांग.”

“घर मिळाल्यावर सांगतो.”

“म्हणजे कधीच नाही. बरं, हाताला लागलेलं चालतं का तुला?”

“लॅबचे ग्लव्हज आहेत.”

“आईंना यातलं काही सांगू नकोस. मी इथं त्यांच्यासोबत चतुर्थी धरते, तू तिकडे बैल शिजव.” फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “आणि मल्हार, घर सोडू नकोस हं.”

त्या शेवटच्या वाक्यामुळे तो गुरुवारी खाटकाच्या दुकानात शिरला. आयुष्यात प्रथमच त्यानं मांड्यांची, गुडघ्यांची आणि शेपटीची हाडं नावानिशी मागितली, आणि चेहऱ्यावर असा भाव ठेवला की जणू तो दुसऱ्या कुणासाठी घेतोय. ते खरंही होतं, त्यामुळे भाव चांगला जमला. चार किलो शंभर ग्रॅम झाली.

खोलीतल्या फ्रिजमध्ये दूध आडवं ठेवावं लागत असे. हाडं ठेवायची कुठे? मल्हारनं शास्त्रज्ञाला सुचेल ते केलं. हाडं दुहेरी पिशवीत बांधून संस्थेच्या शीतकक्षात ठेवली आणि बेवारस नमुना ठेवणं नियमाबाहेर म्हणून त्यावर स्वच्छ अक्षरात, बैलाच्या शास्त्रीय नावासकट, चिठ्ठी लावली: ‘Bos taurus, फीमर व इतर, ४.१ किग्रॅ, म. निरगुडे.’ नुसतं ‘सूप’ लिहिलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला सुरक्षा अधिकारी डॉक्टर वाइगेल्ट बाईंनी त्याला बोलावलं. त्या शांत होत्या. त्यांच्या टेबलावर हाडांचा फोटो होता, चारी बाजूंनी काढलेला.

“हेर् निरगुडे, आपली संस्था धातूंवर काम करते. प्राण्यांचे नमुने ठेवायची आपल्याला परवानगी नाही. हा कुठल्या प्रकल्पाचा नमुना?”

“नमुना नाही, बाई. ते सूपसाठी आहे.”

बाईंनी चष्मा काढला. “मग तो खाद्यपदार्थ आहे. खाद्यपदार्थ शीतकक्षात आणायला मनाई आहे.”

“मग नमुना समजा.”

“नमुना असेल तर तो जाळून नष्ट करावा लागेल आणि तुम्हाला तो खाता येणार नाही. खाद्यपदार्थ असेल तर तो इथं कधी आलाच नव्हता, आणि जे आलंच नव्हतं ते मी तुम्हाला परत कसं देऊ?” त्या क्रूर नव्हत्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. “दुपारपर्यंत ठरवा.”

मल्हारनं शार्दूलला फोन केला. शार्दूल म्हणाला, “रडून बघ.” मल्हारनं रडण्याऐवजी नियमावलीची एकशे चौदा पानं वाचली आणि कलम एकतीसमध्ये ‘चुकून आत आलेली वैयक्तिक मालमत्ता’ शोधून काढली. डॉक्टर वाइगेल्ट बाईंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत कलम एकतीस वापरायची संधी त्यांना मिळाली नव्हती. मल्हारनं चाळीस मिनिटांचा सुरक्षेचा व्हिडिओ पाहिला, दहा प्रश्नांची परीक्षा दिली, नऊ गुण मिळवले आणि दहाव्या प्रश्नावर बाईंशी वाद घातला. मग हाडं तराजूवर ठेवली. चार किलो साठ ग्रॅम.

“चाळीस ग्रॅम कमी,” बाई म्हणाल्या.

“पाणी गळलं असेल.”

“असेल. पण तसं लिहून द्या.”

त्यानं आलेखासह लिहून दिलं. दुपारी पावणेचारला एक पीएचडीचा विद्यार्थी पाठपिशवीत बैलाच्या मांडीचं हाड आणि ते त्याचंच असल्याचा शिक्का मारलेला कागद घेऊन ट्राममधून घरी गेला. अपमानाची भावना त्याला दोन स्टॉपनंतर आली. हाडं रात्रभर खिडकीबाहेरच्या थंडीत टांगून ठेवता येतात, हे चार स्टॉपनंतर सुचलं.

शनिवारी दुपारी बाराला कामाला सुरुवात झाली. शार्दूल मदतीला आला होता, म्हणजे पलंगावर बसला होता. मल्हारनं कृती भिंतीला चिकटवली. फ्राऊ लिएनचं जर्मन कमी शब्दांचं आणि हुकमी होतं. ‘हाडं उकळा. पाणी फेका. हाडं धुवा. पुन्हा पाणी.’ पुढं एक ओळ होती: ‘सूप हसलं पाहिजे, पण मोठ्यानं नाही.’

“हे किती अंश सेल्सिअस?” मल्हारनं विचारलं.

“गालातल्या गालात,” शार्दूल म्हणाला.

मल्हारनं ‘९३ ± २’ असं लिहून ठेवलं.

मसाल्यांची यादी वाचून मात्र त्याला भरून आलं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलची. ही सगळी आपलीच माणसं! फक्त इथं त्यांना कुटत नव्हते, पुरचुंडीत बांधून अख्खे सोडत होते. इतक्या दूरच्या देशातल्या स्वयंपाकघरात आपल्या फडताळातले डबे निघावेत, या विचारात तो पातेलं शेगडीवर ठेवायला गेला आणि ते मधेच अडलं. पातेलं बेचाळीस सेंटिमीटर उंच. शेगडी आणि वरचं भिंतीतलं कपाट यांतलं अंतर अडतीस.

“तिरकं ठेव,” शार्दूल म्हणाला.

“तू खरंच इंजिनिअर आहेस?”

“मी नॅनोमीटरमध्ये काम करतो. हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.”

छोटं पातेलं शेजाऱ्यांकडून आणता आलं असतं. पण कृतीच्या तळाशी दोन रेघा मारून लिहिलं होतं: ‘लहान भांड्यात होत नाही.’ म्हणून कपाट काढायचं ठरलं. चार स्क्रू होते. तीन निघाले. चौथ्याची वेळ येण्याआधीच कपाट स्वतः निघालं, त्यातल्या सात ताटल्या, तांदळाचा डबा आणि भाड्यानं मिळालेल्या भिंतीचा ताटाएवढा तुकडा घेऊन.

तांदूळ पलंगाखालपर्यंत घरंगळत गेले. मग दार वाजलं.

दारात हेर् पेत्सोल्ड होते. ते समोरच्याच दारी राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांनी इमारतीच्या हाउसमाइस्टरचं, म्हणजे देखरेखीचं काम घेतलं होतं, आणि ते पगारापेक्षा कितीतरी जास्त करत. हातात घरनियमांची प्रत होती. ती ते अंगावरच बाळगत असावेत.

“एक वाजून चार मिनिटं,” ते म्हणाले. “एक ते तीन विश्रांतीची वेळ.” त्यांनी आत पाहिलं. पलंगावर शार्दूल, त्याच्या मांडीवर कपाटाचं दार, जमिनीवर तांदूळ, टेबलावर ग्लव्हज घातलेली चार किलो हाडं. खरं तर ग्लव्हज मल्हारनं घातले होते, पण त्या गोंधळात कशानं काय घातलंय हे सांगणं कठीण होतं. “हे काय चाललंय?”

“फो,” मल्हार म्हणाला. “पाच तास उकळायचा आहे.”

हेर् पेत्सोल्डनी नियमांची पानं उलटली. गालिचे झटकण्याचे तास होते, पियानोचे होते, काचा कुठल्या डब्यात टाकायच्या हे होतं. पाच तास हाडं उकळण्याबद्दल एक शब्द नव्हता. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी वहीत ‘१. आवाज. २. भिंत.’ एवढंच लिहिलं आणि गेले.

पुढची पायरी होती कांदा आणि आलं विस्तवावर काळं करण्याची. मल्हारकडे विजेची काचेची शेगडी होती, विस्तव नव्हता. शार्दूलनं येताना रंग खरवडायची गरम हवेची बंदूक आणली होती. त्याची ही एकच तयारी अचूक होती. सहाशे अंशांची हवा कांद्यावर सोडताच कांदा एका मिनिटात सुरेख काळा झाला आणि छताला लावलेला धुराचा अलार्म कोकलायला लागला. मल्हार खुर्चीवर चढला. खुर्चीखाली तांदूळ होते. तो खाली आला तो खुर्चीशिवाय. दार पुन्हा उघडलं आणि हेर् पेत्सोल्ड आत आले ते लांब दांड्याचा झाडू घेऊनच. एका फटक्यात त्यांनी अलार्म गप्प केला. सराईत फटका होता. मग ते तसेच थांबले आणि हवा हुंगू लागले.

“हे तेच का,” त्यांनी हळू आवाजात विचारलं, “तिसऱ्या मजल्यावरचं?”

“हो. उद्या फ्राऊ लिएन जेवायला येणार आहेत.”

“हं.” त्यांनी वहीत ‘३. धूर’ लिहिलं, आणखी एकदा हुंगलं, आणि म्हणाले, “तिन्ही गोष्टी लेखी मिळतील. उद्याच.”

लेखी तक्रार हांबुर्गला जाणार. ज्याला भिंत एक तास सांभाळता येत नाही त्याला दोन खोल्या कोण देईल? पण सूप हसायला लागलं होतं, त्र्याण्णव अंशांना, आणि आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

राहता राहिला चवीचा प्रश्न. न चाखता मीठ कसं लागलंय ते कळणार कसं? मल्हारनं शार्दूलला चमचा दिला. शार्दूल म्हणाला, “चालेल.” मल्हारनं मुद्दाम माशांच्या सॉसचे चार चमचे जास्त घालून दिले, त्यालाही शार्दूल “चालेल” म्हणाला. गुरुवारपासून त्याला सर्दी होती, हे त्यानं आत्ता सांगितलं. पण मल्हार गाफील नव्हता. बाराव्या, म्हणजे अजून शार्दूलला न दिलेल्या डब्यातलं वाटीभर सूप त्यानं राखून ठेवलं होतं आणि मत्स्यालयाच्या दुकानातून क्षार मोजायचं पेन आणलं होतं. मूळ रस्सा मोजायचा, आपला मोजायचा, आणि आकडा जुळेपर्यंत वाढवत किंवा पातळ करत राहायचं. संध्याकाळी सातला आकडे दशांशापर्यंत जुळले. जो पदार्थ त्यानं जन्मात जिभेवर ठेवला नव्हता, तो त्यानं दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक केला. शास्त्राचा हा विजय त्यानं ईप्सिताला कळवला.

“छान,” ती म्हणाली. “उद्या ती म्हणेल, तुम्हीपण घ्या. मग?”

“शार्दूल शेजारी बसेल. ती इकडे तिकडे बघेल तेव्हा वाट्या बदलायच्या.”

“शास्त्रज्ञा,” ईप्सिता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी साडेअकराला शार्दूलचा कारखान्यातून फोन आला. कुठलंतरी मशीन बंद पडलं होतं, त्याला तातडीनं बोलावलं होतं. “तू खाऊन टाक,” त्यानं सल्ला दिला. “कुणाला कळणार नाही.”

अकरा अठ्ठावन्नला फ्राऊ लिएन आल्या. रेशमी जाकीट, हातात ऑर्किडची कुंडी. भिंतीतलं भोक त्यांनी पाहिलं, पलंगावर झोपवलेलं कपाट पाहिलं, आणि ते रोजचंच असल्यासारख्या त्या खुर्चीवर बसल्या. मल्हारनं दोन वाडगे भरले. शेवया, मांसाचे काप, वरून कांद्याची पात, कोथिंबीर, उकळता रस्सा. वाफेनं खिडकीची काच धुरकट झाली.

फ्राऊ लिएननी वाडग्यावर वाकून वास घेतला. डोळे मिटले. उघडले.

“घ्या ना,” मल्हार म्हणाला.

“आधी तुम्ही.”

“छे छे, तुम्ही पाहुण्या.”

“तुम्ही केलंय. करणाऱ्यानं आधी.”

“आमच्याकडे पाहुण्याआधी घास घेत नाहीत.”

“आमच्याकडे तरुण दमलेल्या माणसाला आधी वाढतात.”

मल्हारनं चॉपस्टिक उचलल्या. फ्राऊ लिएननी उचलल्या. दोघांनी आपापल्या शेवया उचलून पाहिल्या आणि परत सोडल्या. मल्हारनं लिंबू पिळलं. फ्राऊ लिएननी लिंबू पिळलं. त्यानं मिरची घातली, त्यांनी मिरची घातली. आग्रहात आपला हात कुणी धरणार नाही असं मल्हारला वाटायचं. आज त्याला तुल्यबळ माणूस भेटला होता. दहा मिनिटं गेली. वाफ विरळ झाली. फ्राऊ लिएन हवामानावर बोलल्या. मल्हार ट्रामवर बोलला. दोघांचे वाडगे काठोकाठ होते.

मग दार वाजलं. हेर् पेत्सोल्ड, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात लिफाफा. “तीन मुद्दे,” ते म्हणाले, आणि त्यांचं लक्ष पातेल्याकडे गेलं.

“घेणार का थोडं?” मल्हारच्या तोंडून सवयीनं निघालं.

सवयीनं विचारलेल्याला सवयीनं नाही म्हणायचं असतं, पण हेर् पेत्सोल्डना ही पद्धत ठाऊक नव्हती. ते पलंगावर, कपाटाच्या कडेला बसले आणि म्हणाले, “हो.” पहिला वाडगा त्यांनी तळापर्यंत संपवला. दुसऱ्याच्या मध्यावर थांबून म्हणाले, “एकतीस वर्षं मी हा वास घेतोय, फ्राऊ लिएन. दर शनिवारी.”

“मग कधी मागितलं का नाही?”

“असं मागत नाहीत.” ते पुन्हा वाकले, आणि मान वर न करता त्यांनी ते विचारलं, जे या जगात फक्त जर्मन माणूस विचारू शकतो: “तुम्ही दोघं का खात नाही?”

शेगडीवर पातेलं गालातल्या गालात हसलं.

“आज पौर्णिमा आहे,” फ्राऊ लिएन शेवटी म्हणाल्या. “अमावास्या-पौर्णिमेला मी मांस खात नाही. काल संध्याकाळी लक्षात आलं. पण याचा वास तेव्हा जिन्यात आला होता. तुम्ही इतका खटाटोप केलात, वेळ मोडायची कशी?” त्यांनी मल्हारकडे पाहिलं. “आणि तुम्ही? तुमचीही पौर्णिमा?”

मल्हारकडे आयती पळवाट चालून आली होती. ‘हो’ म्हटलं की सुटला. तो तोंड उघडणार एवढ्यात त्याला भिंतीतलं भोक दिसलं आणि वाटलं, आता आणखी काही पाडायला नको.

“मी हे खातच नाही,” तो म्हणाला. “कधीच. तुमचे सगळे डबे शार्दूलनं खाल्ले.”

“तो? पँटवाला?”

“या. गेनाऊ.”

“अकरा डबे!”

“बारा. बाराव्याचा मी... अभ्यास केला.”

फ्राऊ लिएननी चॉपस्टिक खाली ठेवल्या. “हेर् मल्हार, दुसऱ्या मजल्याची जागा माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे. मधे नुसतं लाकूड. तिथं राहणाऱ्याला काही खुपलं तर त्यानं मला सांगायला हवं. नऊ महिने तुम्ही सूपबद्दल सांगितलं नाहीत. उद्या माझं पाणी तुमच्या पलंगावर गळेल आणि तुम्ही म्हणाल, वा. मी मालकिणीला काय सांगू?”

“नाही, तसं नाही...”

“मग सांगा. माझ्याबद्दल एक तक्रार. आत्ता, तोंडावर. सांगितलीत तर फोन करते.”

“तुमच्याबद्दल? छे! तुम्ही तर...”

“मग राहिलं.” त्या उठल्या.

मल्हारच्या डोळ्यांपुढे सात महिन्यांची रांग उभी राहिली, आणि तिच्या शेवटी ईप्सिता, हातात फाइल घेऊन. तोंडात आलेलं ‘छे छे’ त्यानं मागं ढकलून पाहिलं. ते पिढ्यानपिढ्यांचं असावं, कारण हलेना. हेर् पेत्सोल्डनी शेवया ओढणं थांबवलं.

“तुम्ही रविवारी चारला माइकवर गाता,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. ही गोष्ट त्यानं ईप्सितालाही सांगितली नव्हती, खरं तर स्वतःलाही नीटशी सांगितली नव्हती. “माझ्या खोलीत तो आवाज अडुसष्ट डेसिबल असतो. आणि ते जे संथ गाणं आहे, त्याच्या तिसऱ्या ओळीला तुम्ही अर्धा सूर खाली उतरता. दर वेळी. मी वर बसून तुम्हाला उचलायचा प्रयत्न करतो, मनातल्या मनात, आणि मला दम लागतो. आणि तुमच्या दाराबाहेर चपलांचं कपाट आहे, त्याला माझा गुडघा लागतो. एकोणतीस वेळा लागला. आणि तुम्ही कुंड्यांना पाणी घालता ते—”

“एक म्हटलं होतं,” फ्राऊ लिएन म्हणाल्या.

“माफ करा. यादी आहे.”

त्यांनी फोन काढला आणि सोमवारची वाट न पाहता हांबुर्गला लावला. “हो, मीच. भाडेकरू मिळाला. नाही, गोड बोलणारा नाही. मोजून तक्रार करतो. त्याची बायको येणार आहे, करार याच आठवड्यात पाठवा.” त्यांनी पेत्सोल्डकडे पाहिलं. “भिंत? भिंतीचं काही नाही. हेर् पेत्सोल्ड इथंच आहेत, ते बुजवतायत.”

हेर् पेत्सोल्डनी लिफाफ्याकडे पाहिलं, रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं, आणि लिफाफा वाडग्याखाली सरकवून वाडगा पुढं केला.

मल्हारनं ईप्सिताला व्हिडिओ कॉल लावला. “मिळालं! दोन खोल्या! याच आठवड्यात कागद!” पलीकडून किंकाळी आली, आणि त्यामागं मल्हारच्या आईचा “काय गं झालं?” हा प्रश्न.

“आता माझी पाळी,” फ्राऊ लिएन म्हणाल्या आणि डायरी काढून तिचं नवं पान उघडलं. “तुमचा मिक्सर. सकाळी सहा दहाला. दोन, तुम्ही जिन्यात फोनवर बोलता. तीन, दार ओढून घेता, लावत नाही. चार...” मल्हार मान डोलवत राहिला. सातव्या मुद्द्याला त्या थांबल्या. त्यांना फोनमधली ईप्सिता दिसली होती. त्यांनी मल्हारच्या हातातून फोन घेतला.

ईप्सिता व्हिसासाठी जर्मनची पहिली पायरी शिकत होती. धडा पाचवा होता: तक्रार कशी करावी.

“नमस्कार,” फ्राऊ लिएन सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. “मी तुमची शेजारीण होणार. तुम्ही याला चांगलं ओळखता. याच्याबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे?”

ईप्सितानं मल्हारकडे पाहिलं, मग फ्राऊ लिएनकडे. ओढणी सारखी केली, आणि व्याकरणाची एकही चूक न करता विचारलं:

“किती वेळ आहे तुमच्याकडे?”